गुडघ्याखालची उशी

आईच्या गुडघ्याखाली मी एक उशी ठेवली आणि रुग्णालयातल्या परिचारिकेने ती काढून घेतली. गोष्ट एवढीशीच, पण गेले आठ महिने ती माझ्या मनातून जात नाही. दया म्हणजे काय, सेवा कशाला म्हणावे, दुसऱ्याचे दुःख हलके करताना आपण खरोखर कोणाचे दुःख हलके करीत असतो, असले प्रश्न मी पस्तीस वर्षे वर्गात मुलांना निबंधासाठी घालीत आलो. मुलांनी लिहिलेली उत्तरे तपासून त्यांना गुणही दिले. स्वतः उत्तर देण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती.

संक्रांत झाल्यावर आम्ही आईला नांदेडला नेले. पालमहून लोह्यावरून नांदेड हा रस्ता आमच्या भागातल्या दुखणाइतांच्या पायाखालचा आहे. आईचे वय ७८. तिचा उजवा गुडघा पंधरा वर्षे कुरकुरत होता आणि शेवटच्या चार वर्षांत त्याने तिला उंबऱ्याच्या आत कोंडून टाकले होते. चुलीपुढे बसणे, जात्यावर बसणे, रानात निंदायला बसणे, धुण्याच्या दगडाशी बसणे. आमच्याकडच्या बाईचे सारे आयुष्य बसण्या-उठण्यात जाते. गुडघा झिजतो त्यात वयाचा, वजनाचा, हाडांच्या ठेवणीचा वाटा असतो, तसा ह्या बसण्या-उठण्याचाही असतो.

गुडघा बदलतात म्हणजे सबंध सांधा काढून दुसरा बसवतात अशी आमच्या गल्लीची समजूत होती, माझीही. खरे पाहता हाडांची झिजलेली टोके तेवढी छिलून काढतात, मांडीच्या हाडाला धातूची टोपी बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची बैठक बसवतात आणि दोहोंमध्ये प्लास्टिकसारख्या चिवट पदार्थाची चकती घालतात. ह्या सांध्याचा आजचा घाट न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात १९७४ च्या सुमारास ठरला. ज्यांनी तो ठरवला त्यांत चित्तरंजन राणावत नावाचे आपल्याकडचे एक शल्यविशारद होते. त्यांनीच पुढे ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलला. आमच्या गावात 'गुडघे बदलतात' हे पहिल्यांदा चर्चेला आले ते त्या वेळी. त्यानंतर बरीच वर्षे ते चर्चेपुरतेच राहिले, कारण त्या धातूच्या तुकड्यांचीच किंमत आमच्यासारख्यांना ऐकवत नसे. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने त्या किमतीला लगाम घातला. सर्वसाधारण वापरातल्या सांध्याला कर सोडून ५४,७२० रुपयांची मर्यादा आली. मग गावोगावचे गुडघे शहराकडे निघाले. आमचाही निघाला.

शस्त्रक्रिया तासा-दीड तासात आटोपली. मला वाटले, झाले. ती तर सुरुवात होती.

त्या रात्री भूल उतरू लागली तसा पाय ठणकू लागला. पाय सरळ ठेवला की ठणका वाढे. थोडा वाकवला की तेवढाच आराम पडे. आईने खुणेने उशी मागितली. मी ती दुमडून गुडघ्याखाली सरकवली. तिच्या कपाळावरची आठी सैल झाली, डोळे मिटले. मुलाच्या हातून आईला इतके थेट सुख देण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. मला अगदी धन्य वाटले. अर्ध्या तासाने रात्रपाळीची परिचारिका आली. पंचवीसएक वर्षांची मुलगी. तिने पांघरूण वर केले, उशी पाहिली आणि अलगद काढून घेतली. ती टाचेखाली ठेवली, म्हणजे गुडघा अधांतरी राहून आपल्याच भाराने सरळ होत राहील. आई कळवळली. "कामून काढायलीस गं माय?" असे तिने विचारले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते.

"आजी, गुडघ्याखाली उशी घेऊन झोपलात तर पाय वाकडाच राहील," ती म्हणाली; आणि मग माझ्याकडे वळून, "काका, परत ठेवू नका."

ती गेली आणि मी परत ठेवली.

हे मी मोकळेपणाने लिहितो आहे, कारण पुढचा सारा विचार ह्या चोरीतून निघाला. त्या रात्री मला दोन माणसे दिसली होती: एक दयाळू मुलगा आणि एक कठोर परकी बाई. ती पगारी आहे, तिला काय त्याचे, असेही मनात आले. आपल्याकडे सेवा ही नात्याची गोष्ट आहे. सून करते, लेक करते, देवाच्या ठायी भक्त करतो. पैसे घेऊन करतात ती चाकरी. हा भेद मी इतका स्वयंसिद्ध मानला होता की तो तपासून पाहावा असे मला कधी वाटले नाही.

पाचव्या दिवशी आम्ही पालमला आलो. निघताना एक कागद मिळाला. पाऊल वरखाली हलवणे, मांडीचा स्नायू आवळून पाच मोजणे, टाच गादीवर घासत पाय जवळ ओढणे. हे दिवसातून इतक्या वेळा. व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी. व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ. टाके कोरडे ठेवणे. लाली, पू, ताप दिसला तर कळवणे. वॉकर धरून रोज थोडे थोडे चालणे. कागद स्वच्छ मराठीत होता. त्यात एक गोष्ट मात्र लिहिलेली नव्हती: हे सारे करवून घेताना म्हातारी रडेल, आणि तेव्हा तुम्ही काय कराल?

मी काय केले ते सांगतो. आई 'बास' म्हणाली की मी बास करी. दहा वेळा वाकवायचा पाय चार वेळा वाके. 'आज राहू दे, उद्या करू' हे वाक्य तिच्या आधी मीच म्हणू लागलो. उशी तर कायमची गुडघ्याखाली गेली. पाण्याचा तांब्या हातात, जेवणाचे ताट मांडीवर. उठायचे काम म्हणून ठेवले नाही. घरात येणारेजाणारे म्हणत, असा मुलगा मिळायला भाग्य लागते.

ह्या येणाऱ्याजाणाऱ्यांविषयी एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आजाऱ्याला भेटायला जाणे हा आमच्या गावात धर्म आहे, आणि तो कडकपणे पाळला जातो. एकजण सांगे, अमक्याच्या मावशीचा पाय तसाच ताठ राहिला. दुसरा सांगे, काही होत नाही हो, महिन्याभरात पळायला लागाल. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली शुश्रूषेवर जे छोटे पुस्तक लिहिले त्यात तिने आजाऱ्याच्या उशाशी बसून उथळ आशा दाखवणाऱ्या आणि न मागता सल्ले देणाऱ्या मंडळींसाठी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. ते वाचताना मला आमची ओसरी डोळ्यांपुढे आली. इंग्लंड काय नि पालम काय!

आणखी एक गोष्ट. मी 'सेवा केली' असे लिहितो आहे, पण पहिले तीन आठवडे खोलीतल्या भोकाच्या खुर्चीखालचे भांडे उचलले ते माझ्या पत्नीने. आईला अंग पुसून लुगडे नेसवले तिने. रात्रीतून दोनदा-तीनदा उठली ती. मी उशी ठेवली आणि तांब्या दिला. सेवेवर निबंध मात्र मी लिहितो आहे. आपल्याकडे ह्या विषयावरचे लिखाण बहुतेक असेच झालेले आहे, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

सहा आठवड्यांनी नांदेडला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी कोनमापक लावला. खुर्चीवरून नीट उठायला, जिना चढायला गुडघा निदान ९० अंश वाकावा लागतो. आईचा ६५ वर अडला होता. आणि तो पुरता सरळही होत नव्हता. पंधरा अंशांचा बाक राहिला होता. शस्त्रक्रियेनंतर आत जो व्रण धरतो तो दिवसेंदिवस आकसत जातो. त्या आठवड्यांत सांधा हलता ठेवला नाही तर तो आत चिकटून बसतो. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले की आणखी काही आठवड्यांत सुधारला नाही तर भूल देऊन जोराने वाकवावा लागेल. गाडीत आई खिडकीबाहेर पाहत होती. तिला सारे कळले होते. माझ्या दयेचा हिशेब झाला होता आणि तो तिच्या पायाने फेडायचा होता.

आमच्या मागच्या गल्लीत सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एक परिचारिका राहतात. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. पत्नी माझ्या परस्पर त्यांच्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. आईच्या खाटेशी खुर्ची ओढून बसल्या. पायाला हात लावला नाही. कागद मागितला नाही. म्हणाल्या, "आजी, तुम्हाला कशासाठी चालायचंय?"

हा प्रश्न आईला आजवर कोणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी दुखते कुठे ते विचारले होते, मी पैशांचे विचारले होते. मला वाटले, ती गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर जायचे म्हणेल, जनाबाईच्या दर्शनाचे म्हणेल. ती नेहमी तसे म्हणत असे. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला कुटं बी जायचं न्हाई बाई. रातच्याला मागल्या संडासाला जायचं तर सुनबाईला उठवावं लागतंय. दिसभर राबून पडलेली असती बिचारी. तेवढं आपलं आपल्याला जाता आलं तरी बास."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मागल्या दारापर्यंत किती पावलं?" सिस्टरबाईंनी विचारले. आईला माहीत होते. चाळीस. आणि तीन पायऱ्या.

त्या दिवसापासून व्यायामाचे नाव 'चाळीस पावलं आणि तीन पायऱ्या' असे पडले. सिस्टरबाई आल्या की आधी विचारीत, आज कुठे दुखते आहे, कसे दुखते आहे. आणि आई सांगेल ते सगळे ऐकून घेत, त्यात गावच्या चार गोष्टी आल्या तरी. मग काम. त्यांनी आईचा गुडघा एकदाही आपल्या हाताने दाबला नाही. खाटेच्या काठावर बसवून डावा पाय उजव्या पायावर टाकायला लावीत आणि जोर आईलाच लावायला सांगत. "किती लावायचा ते तुम्ही ठरवा. पण कालच्यापेक्षा केसभर जास्त." आई रडे. सिस्टरबाई थांबत, नजर न काढता. 'बास' म्हणत नसत, आणि 'अजून' असेही म्हणत नसत. मला त्या खोलीबाहेर घालवीत. "मास्तर, तुम्ही असलात की आजीला तुमच्याकडे बघावं लागतं," असे त्यांनी एकदा मला सांगितले. दुखणे सोसायचे, त्यात पुन्हा मुलाला सोसवत नाही ह्याचीही काळजी वाहायची, असे दुहेरी ओझे मी आईवर घातले होते तर!

चाकरी आणि सेवा ह्यांतला माझा भेद इथे कोसळला. सिस्टरबाई ह्या कामाचे पैसे घेत नव्हत्या, पण कोसळण्याचे कारण ते नाही. नांदेडच्या त्या मुलीने पगार घेऊन जे केले तेच ह्या पगाराविना करीत होत्या, आणि दोघींचे बरोबर होते. कारण दोघींना ते येत होते. सेवा प्रेमातून आपोआप उपजते अशी आपली समजूत आहे. म्हणून ती कोणी शिकवीत नाही, कोणी शिकत नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदनाचे काम उभे केले, तिथून तरुण विधवा ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा समाजाने नाके मुरडली: परक्यांच्या अंगाला हात लावायचा! मला वाटते, त्या नाके मुरडण्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती. जी गोष्ट घरातल्या बाईकडून धर्म म्हणून फुकट मिळते ती शिकण्यासारखी विद्या आहे हे कबूल करायला समाज तयार नव्हता. कबूल केले असते तर तिचा मान राखावा लागला असता.

आमच्याकडच्या बोलण्यात एक साधा प्रयोग आहे. दळू लागणे, उचलू लागणे, निंदू लागणे. 'ती मला दळू लागली' म्हणजे तिने दळायला सुरुवात केली असे नव्हे. मी दळत होते आणि तिने खुंट्याला हात लावला. काम माझेच राहिले. गंगाखेड ही जनाबाईची जन्मभूमी. देव जनीला दळू लागला ही कथा आमच्या भागात पोरासोरांना ठाऊक आहे. देवाला ते जाते एका बोटाने फिरवता आले असते. तो समोर बसून खुंटा धरतो. मी लहानपणापासून ही कथा देवाच्या मोठेपणाची म्हणून ऐकली. हल्ली मला तीत जनीच्या हाताचा मान दिसतो.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा निबंध मला स्वतःला फार आवडला असता. पण मग जे घडले ते लपवावे लागले असते.

मी कठोर व्हायला शिकलो होतो. नवा धडा गिरवणाऱ्याचा उत्साह माझ्यात होता. आठव्या आठवड्यात एका संध्याकाळी आई म्हणाली, "पोटरी दाटल्यावानी व्हायली रे लेकरा." मी म्हणालो, "आई, थोडं सोसायचं. दुखल्याशिवाय पाय सुटत नाही." ती गप्प झाली. रात्री मात्र मला जुनी दया आली. मी तेल कोमट केले आणि तिची पोटरी चांगली पाव तास चोळून दिली. पाय चेपणे म्हणजे सेवेची मूर्तीच. आपल्या देवांच्या चित्रांतसुद्धा पायथ्याशी बसलेली लक्ष्मी तेच करीत असते.

सकाळी सिस्टरबाई आल्या. आईने दोन शब्द सांगितले आणि त्यांनी लुगड्याचा काठ वर करून दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहिल्या. शिवणकामाची टेप मागवली, मोजले. उजवी फुगली होती, हाताला गरम लागत होती. "चोळली का कोणी?" मी सांगितले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "पायाला हात लावू नका आता. गाडी काढा, आत्ता नांदेडला जा. आजी, छातीत दुखतंय का? दम लागतोय का?"

सोनोग्राफीत पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. ह्या शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत हे भय असतेच. म्हणून तर पाऊल हलवायला, चालायला सांगतात, रक्त पातळ ठेवणारी औषधे देतात. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. मी ती चोळीत होतो. सुटली नाही. औषधे सुरू झाली, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चालणे पुन्हा सुरू झाले.

म्हणजे मी दोन्ही वेळा चुकलो. दया केली तेव्हा चुकलो आणि कठोर झालो तेव्हाही चुकलो. प्रश्न दया की कठोरपणा असा नव्हताच. इतकी वर्षे मराठी शिकवूनही एका शब्दाकडे माझे लक्ष गेले नव्हते, ते नांदेडच्या त्या बाकावर बसल्या बसल्या गेले. आपण आजाऱ्याची 'शुश्रूषा' म्हणतो. शब्द संस्कृतातल्या 'श्रु' धातूपासून आलेला. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. त्या शब्दात पाय चेपणे नाही, उशी नाही, कळवळा नाही. ऐकायची इच्छा आहे. त्यावरून आज्ञेत राहणे, आणि त्यावरून सेवा, असा अर्थ पुढे वाढत गेला.

मी ऐकत काय होतो? पहिल्या रात्री आईचे कण्हणे ऐकले असे मला वाटले. खरे पाहता मी माझ्या जिवाची घालमेल ऐकली आणि ती उशीने बंद केली. आठव्या आठवड्यात मी माझा नवा सिद्धांत ऐकला. 'ठणकते' आणि 'दाटते' हे दोन वेगळे शब्द आहेत. आईने शब्द बदलला होता. तीन इयत्ता शिकलेल्या बाईने नेमका शब्द वापरला आणि मराठीच्या मास्तराला तो ऐकू आला नाही.

आता कोणी म्हणेल, शुश्रूषेचे खरे काम म्हणजे आजाऱ्याला लवकर आपल्या पायांवर उभे करून स्वतः बाजूला होणे. मलाही मध्यंतरी तसे ठामपणे वाटत होते. पण जे कधीच उभे राहणार नाहीत त्यांचे काय? सेवाग्रामला परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे पंडित आश्रयाला आले. त्यांना महारोग होता. गांधीजी आपल्या हाताने त्यांच्या जखमा पाहत, अंगाला तेल लावीत. तिथे शास्त्रीबुवांना आपले आपण करायला लावण्याचा प्रश्न फारसा नव्हता. शेजारी बसणे, स्पर्श करणे हेच काम होते. त्याच विदर्भात १९४९ नंतर वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी त्याच रोगाच्या माणसांच्या हातांत कुदळी दिल्या, विहिरी खणवल्या, शेती उभी केली. एकाने चोळले, दुसऱ्याने राबवले. कोणाची सेवा खरी? मधल्या काळात सल्फोनची औषधे आली होती आणि रोग्याचे शरीर काय मागू शकते हे बदलले होते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नच फोल ठरतो. दोघांनी समोरच्याला ऐकले. मी मात्र वरोऱ्याच्या जागी सेवाग्राम केले, आणि मग सेवाग्रामच्या जागी वरोरा.

तरीही एक टोचणी उरतेच. ऐकायचे ठीक, पण माणूस जेव्हा आज एक म्हणतो आणि उद्यासाठी दुसरे मागतो, तेव्हा त्यातले कोणते ऐकायचे? 'बास' म्हणणारी आईच, आणि रात्री आपले आपण जायचे म्हणणारीही आईच. सिस्टरबाईंना मी हे विचारले. त्या तत्त्वज्ञानाच्या भानगडीत पडणाऱ्या नव्हेत. म्हणाल्या, "दोन्ही ऐकायचं. म्हणून तर आधी कशासाठी ते विचारून ठेवायचं. मग दुखायला लागलं की तुमचं नाही, आजीचंच बोलणं आजीला आठवून द्यायचं. आणि तरी नको म्हणाल्या तर नको." नोकरीत असताना दोघा-तिघांनी ठामपणे नको म्हटले आणि ते ताठ पायांनी राहिले, असेही त्यांनी सांगितले. त्यांना ते अजून आठवते. म्हणजे ह्या ऐकण्याची किंमत कधी कधी अशीही असते, आणि ती देणाऱ्याने द्यायची असते, ऐकणाऱ्याने मुकाट पाहायची असते. मला हे अजून पुरते पटलेले नाही.

आईचा पाय भूल देऊन वाकवावा लागला नाही. आषाढापर्यंत तो ९५ अंश वाकू लागला. सरळ होण्यात थोडी कसर आहे ती आहेच. चालताना जरासा बाक दिसतो. तो माझा. तीन पायऱ्या चढताना ती चांगला पाय आधी टाकते, उतरताना शस्त्रक्रियेचा. 'चांगला वर, वाईट खाली' असे पुटपुटते. मांडी घालून बसणे मात्र आता नाही. ह्या दिवाळीला अभ्यंगस्नान पाटावर नव्हे, खुर्चीवर होईल, ह्याचे तिला फार वाईट वाटते. पंगतीत सगळ्यांच्या वर उंच बसून जेवायला तिला लाज वाटते. ह्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. सिस्टरबाईंजवळही नाही, त्यांनी ते ऐकून घेतले. डावा गुडघाही गेला आहे आणि डॉक्टर दिवाळीनंतरचे म्हणत आहेत. आईने अजून हो म्हटलेले नाही. मी दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारायचा मोह आवरला आहे.

परवा रात्री जाग आली. काठीचा आवाज होता. वॉकर सुटून महिना झाला आहे. टक, मग चप्पल घासल्याचा आवाज, मग टक. पत्नी शेजारी गाढ झोपली होती. मी पडल्या पडल्या मोजू लागलो. अडतीसला आवाज थांबला. मागल्या दाराची कडी जरा घट्ट आहे. मी कोपरावर उठून बसलो. बराच वेळ काही ऐकू येईना. मग कडी निघाली, आणि पहिल्या पायरीवर काठी टेकली.